फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर : महिन्याचा हप्ता भरायचा, की फुकटात काम भागवायचं?



पापड, कुरड्या, शेवया, हळद, तिखट, लोणचं, मेळघाटातला मध, बांबूच्या वस्तू. आपल्या गटांचा माल आता फक्त आठवडी बाजारात आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये विकला जात नाही. तो व्हॉट्सॲपवर विकला जातो, उमेदमार्टवर दिसतो, आणि केंद्र सरकारच्या जेम पोर्टलवर तर बचत गटांच्या मालासाठी 'सरस कलेक्शन' नावाचं वेगळं दालनच आहे. या ठिकाणी गिऱ्हाईक माल हातात घेत नाही, वास घेत नाही, चव पाहत नाही. ते फक्त फोटो पाहतं. फोटो काळवंडलेला असला तर चांगला मालही तसाच पडून राहतो.

दुसरीकडे, आपल्यातल्या काही तायांनी किंवा त्यांच्या लेकीसुनांनी गावात झेरॉक्स-फोटोचं दुकान टाकलं आहे. पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचं बॅनर, बारशाची पत्रिका, लग्नाचा अल्बम अशी कामं त्या करतात. दोन्हीकडून बैठकीत एकच प्रश्न येतो. "पोरगी म्हन्ते फोटोशॉप घेऊ. महिन्याले पैसे कापते म्हने ते. मंग घ्याव का नाही घ्याव?"

थोडक्यात उत्तर असं. जिचा धंदाच फोटोचा आहे, तिने हिशेब करून ठरवावं. जिचा धंदा मालाचा आहे, तिला ते बहुतेक वेळा लागतच नाही. पण "लागत नाही" किंवा "लागते" हे ऐकीव गोष्टीवर ठरवू नका. जसं कर्जाचं ठरवतो तसं वहीत आकडे मांडून ठरवा. तेच कसं मांडायचं ते या लेखात सांगितलं आहे.

विकत नाही, मक्त्याने

फोटोशॉप हे ॲडोबी नावाच्या अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअर. ते पहिल्यांदा १९९० साली बाजारात आलं. पूर्वी ते एकदा विकत घेतलं की घेणाऱ्याचं होत असे. २०१२ साली आलेली 'सीएस सिक्स' ही तशी शेवटची आवृत्ती. २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणी भरूनच मिळतील. या वर्गणीलाच 'सबस्क्रिप्शन' म्हणतात.

आपल्याला हे समजायला सोपं आहे. वावर मक्त्याने केलं तर मक्ता भरला तोवर वावर आपल्या हाती. वर्ष संपलं की वावर मालकाचं. सॉफ्टवेअरचंही तसंच. तीन वर्षं हप्ता भरला आणि चौथ्या वर्षी थांबवला, तर सॉफ्टवेअर बंद. आपल्या हाती त्याचं काहीच उरत नाही. त्यात केलेल्या मूळ फाइली आपल्याकडे राहतात, पण त्या पूर्णपणे उघडून बदलायला पुन्हा तेच सॉफ्टवेअर किंवा त्याच्यासारखं दुसरं लागतं.

मक्त्याने वावर करणं वाईट नाही. पीक चांगलं आलं तर मक्ता निघून वर पैसा उरतो. प्रश्न एवढाच की आपल्याकडे त्या वावरात पेरायला काही आहे का?

हप्ता गटाच्या भाषेत मोजा

कंपन्यांचे दर बदलत राहतात. म्हणून समजायला सोपा आकडा घेऊ. समजा एखाद्या सॉफ्टवेअरचा हप्ता महिन्याला १,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १,१८० रुपये. वर्षाचे झाले १४,१६० रुपये.

आता हा आकडा आपल्या वहीशेजारी ठेवून पाहा. दहा जणींचा गट आहे, प्रत्येकीची महिन्याची बचत १०० रुपये. सगळ्या गटाची महिन्याची बचत १,००० रुपये. म्हणजे दहा जणींनी साठवलेला पैसाही त्या एका हप्त्याला पुरत नाही, वरचे १८० रुपये आणखी आणावे लागतात. उमेदमधून मिळणारा फिरता निधी २०२३ साली राज्य शासनाने १५ हजारांवरून ३० हजार रुपये केला. या सॉफ्टवेअरचा दोन वर्षांचा हप्ता होतो २८,३२० रुपये. म्हणजे जवळपास तेवढाच पैसा. त्यातून शेळी घेतली असती तर ती गोठ्यात राहिली असती, शिलाई मशीन घेतलं असतं तर ते घरात राहिलं असतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. पापड-कुरड्यांचं वाळवण चैत्र-वैशाखातलं. फोटोचं काम असं हंगामी, पण हप्ता बारमाही. आषाढात बियाणं-खताचा पैसा लागत असतो, दुकानात गिऱ्हाईक नसतं, आणि त्याच महिन्यातही १,१८० रुपये कापले जातात. म्हणून हिशेब कधीही महिन्याचा करू नका, वर्षाचा करा.

तीन ताया, तीन हिशेब

खालची तीन उदाहरणं समजण्यासाठी मांडली आहेत. तुम्ही तुमचे आकडे घालून पाहा.

पहिली ताई पापड-मसाल्याच्या गटातली. गटाचे दहा पदार्थ आहेत. वर्षातून दोनदा प्रत्येकाचा नवा फोटो लागतो, म्हणजे २० फोटो. वर्षाचे १४,१६० रुपये भरले तर एका फोटोमागे ७०८ रुपये पडले. एवढ्यात कितीतरी किलो उडदाचं पीठ येतं. हिच्यासाठी उत्तर स्वच्छ आहे : घेऊ नये.

दुसरी ताई पासपोर्ट फोटो काढणारी. समजा एका सेटमागे कागद, शाई, वीज वजा जाता २५ रुपये उरतात. १,१८० रुपये भरून काढायला महिन्याला ४८ गिऱ्हाइकं लागतील, आणि ती ४८ गिऱ्हाइकं फक्त सॉफ्टवेअरसाठी राबल्यासारखी होतील. तिचा नफा एकोणपन्नासाव्यापासून सुरू. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत एवढी गिऱ्हाइकं येतीलही, पण बारा महिने? शिवाय चेहऱ्यामागचा रंग बदलणं, फोटो ठरलेल्या मापात कापणं, एका कागदावर आठ प्रती मांडणं ही कामं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही तशीच होतात. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. हिनेही घेऊ नये.

तिसरी ताई लग्नाचे अल्बम करणारी. हिचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. समजा ती वर्षाला १५ अल्बम मांडते आणि एका अल्बमच्या मांडणीचे तिला २,००० रुपये मिळतात. वर्षाचे ३०,००० रुपये.

हप्त्याच्या सॉफ्टवेअरवर तिचा एक अल्बम दोन दिवसांत होतो असं धरू. ३० दिवस काम. ३०,००० मधून १४,१६० गेले, राहिले १५,८४०. म्हणजे दिवसाला ५२८ रुपये पडले.

फुकटच्या सॉफ्टवेअरवर तिला एका अल्बमला तीन दिवस लागले, तर ४५ दिवस काम. ३०,००० पूर्ण तिचे. दिवसाला ६६६ रुपये. म्हणजे जास्त वेळ लागूनही फुकटचंच परवडलं.

पण तिला चार दिवस लागत असतील, तर ६० दिवस काम, दिवसाला ५०० रुपये. आता हप्त्याचं सॉफ्टवेअर परवडतं. आणि काम वाढून वर्षाला ३० अल्बम झाले तर? हप्ता तेवढाच राहतो. ६०,००० मधून १४,१६० गेले तरी ४५,८४० उरतात. ६० दिवसांच्या कामाला दिवसाचे ७६४ रुपये. हिने हप्ता भरायला हरकत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. बाईच्या वेळेलाही किंमत आहे. "घरीच तं करते, त्याचे कायचे पैसे?" असं म्हणून तो वेळ हिशेबाबाहेर ठेवला, तर फुकटचं नेहमीच स्वस्त दिसेल. वेळ मोजा, मग ठरवा.

फुकटातले कोणते, आणि कशाच्या कामाचे?

मोबाइलवर स्नॅपसीड. हे गूगलचं ॲप आहे. पैसे लागत नाहीत, जाहिराती येत नाहीत. उजेड वाढवणं, वाकडा फोटो सरळ करणं, कडेची अडगळ कापून टाकणं, एखादा डाग पुसणं यासाठी पुरेसं आहे. मालाच्या फोटोचं बहुतेक काम इथेच संपतं.

मोबाइल आणि संगणक दोन्हीवर कॅनव्हा. दरपत्रक, शुभेच्छा, पोस्टर, साधं लेबल यासाठी सोपं आहे. यात काही चित्रांवर मुकुटाची खूण असते, ती पैशाची. खूण नसलेली वापरा. आणखी एक सावधगिरी : कॅनव्हातलं तयार चित्र उचलून गटाचा लोगो केला, तर तो पुढे ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, कारण तेच चित्र इतर कोणीही वापरू शकतं. ब्रँडचा लोगो स्वतःचा काढून घ्या. नोंदणीकृत ना-नफा संस्थांना कॅनव्हा आपली पैशाची सेवाही विनामूल्य देते. आपला संघ त्यात बसतो का, हे संघाच्या कार्यालयाने अर्ज करून पाहण्यासारखं आहे.

संगणकावर जिंप. फोटोशॉपच्या जातीचं, पण पूर्ण मोफत. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं, आणि तेव्हापासून जगभरचे लोक ते मिळून सुधारत आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही चालतं. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे जिथे नेटवर्क येतं-जातं, तिथे ही मोठी सोय आहे. शिकायला मात्र थोडं चिवट आहे, पहिले पंधरा दिवस कंटाळा येतो. पण केरळच्या सरकारी शाळांत मुलं संगणकाच्या तासाला हेच जिंप शिकतात. शाळेतल्या पोरांना जमतं, ते आपल्याला का जमणार नाही?

ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी. काही उतरवून घ्यावं लागत नाही, वेबसाइट उघडली की काम सुरू. दिसायला जवळजवळ फोटोशॉपसारखं, आणि फोटोशॉपच्या फाइली यात उघडतात. बाजूला जाहिराती दिसतात, तोच त्याचा मोबदला. जिने क्लासमध्ये फोटोशॉप शिकलं आहे, तिने आधी हे वापरून पाहावं. शिकलेलं वाया जात नाही.

ॲफिनिटी हे व्यावसायिक दर्जाचं सॉफ्टवेअर पूर्वी एकरकमी विकत मिळायचं. २०२४ साली कॅनव्हाने ती कंपनी घेतली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ते विनामूल्य केलं. छपाईच्या कामाला ते चांगलं आहे. संगणक मात्र बऱ्यापैकी नवा लागतो, आणि त्यात मराठी अक्षरांची परीक्षा आधी घ्या. ती कशी, ते पुढे सांगितलं आहे.

लोगो, रेषांची चित्रं, गुणाकार करून कितीही मोठी होणारी अक्षरं यासाठी इंकस्केप आहे. तेही मोफत.

मग फोटोशॉप कुठे सरस ठरतं? शेकडो फोटोंना एकाच झटक्यात सारखा रंग देणं, मोठ्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली भराभर हाताळणं, छापखान्याला हव्या तशा रंगपद्धतीत फाइल देणं, आणि शहरातल्या लॅबने "आमाले फोटोशॉपचीच फाइल पाहिजे" म्हणणं. यातलं तुमच्या कामात किती येतं, ते पाहा. आणि त्याला लागणारा संगणकही पाहा. नव्या आवृत्त्यांना किमान ८ जीबी रॅम लागते, नीट चालायला १६ जीबी. संगणकच बदलावा लागणार असेल तर तो खर्चही हिशेबात धरा.

मराठी अक्षरांची परीक्षा

लेबल आणि बॅनर मराठीत करायचं तर सॉफ्टवेअर पैशाचं असो की फुकटचं, आधी एक ओळ लिहून पाहा. त्यात 'विक्री', 'ज्वारी', 'कुरड्या', 'अमरावती जिल्ह्यातील' हे शब्द घाला. वेलांटी चुकीच्या जागी गेली, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसलं, तर ते सॉफ्टवेअर आपली लिपी नीट मांडत नाही.

कधीकधी दोष सॉफ्टवेअरचा नसतो, सेटिंगचा असतो. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय निवडला की अक्षरं नीट होतात. जिंपमध्ये देवनागरी सहसा सरळ येते. ॲफिनिटीमध्ये जोडाक्षरांची अडचण अनेक वर्षं राहिलेली आहे, म्हणून आधी तपासा.

फॉन्ट युनिकोडचाच घ्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला आणि तिथे तो फॉन्ट नसला, की सगळी अक्षरं भलतीच दिसतात. मुक्त, बालू, नोटो असे चांगले मराठी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे.

'क्रॅक' कॉपी : ही फुकटची नव्हे

तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी सांगतं, "पाचशे रुपये द्या, फोटोशॉप टाकून देतो, कायमचं." ही चोरीची प्रत असते. तिला क्रॅक म्हणतात. यात दोन धोके आहेत.

पहिला कायद्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर माहीत असून वापरल्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरा धोका याहून जवळचा. अशा प्रतीसोबत व्हायरस येतो. ज्या संगणकावर फोटो करता, त्याच संगणकावर गटाच्या बँकखात्याचं लॉगिन, सदस्यांचे आधार, गिऱ्हाइकांचे फोटो असतात. ते चोरीला गेले किंवा सगळ्या फाइलींना कुलूप लावून कोणी खंडणी मागितली, तर ते पाचशे रुपये फार महाग पडतात.

मोफत आणि चोरीचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिंप मोफत आहे कारण ते बनवणाऱ्यांनीच तसं दिलं आहे. ते नेहमी त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या.

हप्ता घ्यायचंच ठरलं तर

हप्त्याचे साधारण तीन प्रकार असतात. वर्षाचे पैसे एकदम. वर्षाचा करार पण पैसे महिन्याला. आणि खरोखर महिन्यापुरता, कधीही बंद करता येणारा. तिसरा महिन्याला महाग दिसतो. पण ज्यांना फक्त लग्नसराईचे तीन-चार महिने काम आहे, त्यांना तोच वर्षाकाठी स्वस्त पडू शकतो.

दुसरा प्रकार सगळ्यांत फसवा. "महिन्याला अमुक" एवढंच डोळ्यांत भरतं, आणि वर्षाचा करार आहे हे लक्षात येत नाही. मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेचा काही भाग भरावा लागतो. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲडोबीवर याच कारणासाठी दावा दाखल केला. मध्येच सोडण्याची रक्कम ठळक सांगितली जात नाही आणि बंद करण्याची वाट अवघड ठेवली जाते, असा आरोप होता. तिकडच्या शिकल्यासवरल्या लोकांचं जिथे असं होतं, तिथे आपण तर प्रत्येक ओळ वाचूनच पुढे जावं.

'सात दिवस फुकट' यातही कार्ड किंवा यूपीआय आधीच जोडून घेतात. आठव्या दिवशी पैसे कापले जातात. फुकट वापरायला घेतलं त्याच दिवशी मोबाइलवर सहाव्या दिवसाचा गजर लावा.

रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा आपोआप कापला जाणारा हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवलं पाहिजे. पण सहसा १५ हजार रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे तो मेसेज आपण वाचला नाही, तर पैसे गुपचूप जातात. मोबाइल घरधन्याकडे किंवा पोराकडे असेल तर तो मेसेज कोण वाचणार, हेही ठरवा.

बंद करताना क्रम लक्षात ठेवा. आधी कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा. रद्द झाल्याचा ईमेल किंवा स्क्रीनशॉट ठेवा. मग यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे' मध्ये जाऊन तिथली परवानगी काढा. नुसतं ऑटोपे बंद केलं म्हणजे करार संपला असं होत नाही.

आणि एका बाईच्या नावावर घेतलेलं सबस्क्रिप्शन सगळ्या ग्रामसंघाने आपापल्या संगणकावर वापरणं नियमात बसत नाही. मिळून वापरायचं असेल तर दुसरा रस्ता आहे. संघाच्या कार्यालयात एक संगणक, त्यावर एक परवाना, काम करणारी एक शिकलेली ताई, आणि प्रत्येक गटाने तिला फोटोमागे ठरलेले पैसे द्यायचे. दोन एकर तुरीसाठी आपण थ्रेशर विकत घेत नाही, भाड्याने बोलावतो. हेही तसंच.

लेबल एकदाच, पण मूळ फाइल मागून घ्या

पुष्कळ गटांना सॉफ्टवेअर नकोच असतं, एक चांगलं लेबल हवं असतं. ते अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या डिझायनरकडून एकदा नीट करून घ्या. पैसे देताना फक्त छापलेला नमुना घेऊ नका. बदल करता येईल अशी मूळ फाइल आणि एक पीडीएफ, दोन्ही मागा, आणि वापरलेल्या फॉन्टचं नाव लिहून घ्या. नाहीतर किंमत किंवा वजन बदलायचं म्हटलं तरी दर वेळी त्याच्याकडेच जावं लागतं.

सुंदर फोटोच्या नादात लेबलवरची गरजेची माहिती विसरू नका. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, बॅच नंबर, गटाचा पत्ता, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. हे नसेल तर जगातलं महाग सॉफ्टवेअरही ते लेबल वाचवू शकत नाही.

सॉफ्टवेअरच्या आधी उजेड

अर्धं एडिटिंग फोटो काढतानाच टळतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ओसरीत, थेट ऊन पडणार नाही अशा ठिकाणी माल ठेवा. मागे आणि खाली पांढरा ड्रॉइंगपेपर वळवून लावा, म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसणार नाही. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. मोबाइलची काच आधी पुसा. फ्लॅश लावू नका. काचेच्या बरणीवर आणि प्लास्टिकच्या पाकिटावर त्याची चमक येते.

ॲमेझॉनवर विकायचं तर मुख्य फोटोची पाठ पूर्ण पांढरी लागते आणि मालाने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे. ग्राहकाला मोठं करून पाहता यावं म्हणून लांब बाजू १,००० पिक्सेल किंवा जास्त असावी. आजचा साधा मोबाइलही याच्यापेक्षा मोठा फोटो काढतो. फोटो पाठवताना मात्र व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो दाबला जाऊन बारीक होतो आणि छापताना फुटतो.

एक गोष्ट कोणत्याही सॉफ्टवेअरने करू नका. फिक्या हळदीला गडद पिवळी करू नका, तुटक्या पापडाला अखंड करू नका, इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो आपल्या नावाने लावू नका. फोटो सुधारायचा म्हणजे माल जसा आहे तसा स्पष्ट दाखवायचा. गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा येत नाही, आणि नाव फक्त एका गटाचं जात नाही, सगळ्या बचत गटांचं जातं.

बैठकीत विचारायचे सात प्रश्न

कोणी फोटोच्या सॉफ्टवेअरसाठी गटाकडे कर्ज किंवा खर्चाची मंजुरी मागितली, तर नाही म्हणायची घाई नको आणि हो म्हणायचीही नको. हे विचारा आणि उत्तरं ठरावाच्या वहीत लिहा.

१. वर्षाला किती फोटो किंवा किती अल्बम होतात? गेल्या वर्षीचा खरा आकडा काय?

२. जीएसटी धरून वर्षाचा हप्ता किती? एका कामामागे किती पडतो?

३. मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिलं का? किमान एक महिना? कुठे अडलं?

४. त्यात किती वेळ जास्त लागतो, आणि त्या वेळेची किंमत किती?

५. मराठी अक्षरं नीट येतात का?

६. करार महिन्याचा की वर्षाचा? मध्येच सोडलं तर किती भरावं लागेल?

७. आषाढ ते आश्विन या रिकाम्या महिन्यांत हप्ता कुठून भरणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर मंजुरी पुढच्या महिन्यावर ठेवा. या एका महिन्यात खर्च काही होत नाही, पण खरी गरज कळते. आणि सातही प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर त्या ताईला मागे खेचू नका. जिच्या हाताला काम आहे, तिच्या हातात चांगलं अवजार द्यायलाच हवं. फक्त दर सहा महिन्यांनी हाच हिशेब पुन्हा मांडायला सांगा, कारण काम बदलतं, दर बदलतात, आणि आज पैशाचं असलेलं उद्या मोफतही मिळू लागतं.

पुढच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा. तुमच्या गटात फोटोचं काम कोणी करत असेल, तर तिचा हिशेब तिथेच सगळ्यांसमोर मांडून पाहा.